आवाज जपणारी खोली

आमच्या कुटुंबात पैशाची निकड उभी राहते ती बहुधा घराच्या कौलांसाठी, मुलीच्या लग्नासाठी किंवा कोणाच्या आजारपणासाठी. मायक्रोफोन घेण्यासाठी वाडीचा तुकडा विकावा की विकू नये, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांपुढे कधी आला नसेल. आमच्यापुढे तो आला गेल्या वर्षी, पास्काच्या सणानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात. उपवासकाळ सुरू होण्याच्या थोडे आधी आमची आई प्रभुचरणी विसावली होती. घरातले दुःख अजून ओले होते, आणि अशा वेळी धाकटी बहीण हातात एक कागद घेऊन आमच्या ओटीवर येऊन बसली.

तिचा मुलगा इंदूरला राहून विद्यापीठाच्या पदवीसाठी संगीताचे ध्वनितंत्र शिकत आहे. त्याने फोनवर पाठविलेली यादी मेहुण्यांनी वहीच्या कागदावर सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतली होती. दोन मोठे मायक्रोफोन, आवाज संगणकात नेणारे एक यंत्र, दोन स्पीकर, नवा संगणक आणि खोलीच्या भिंतींना लावावयाचा जाड स्पंज. खाली बेरीज केली होती. ती चार लाखांच्या वर गेली होती. मेहुण्यांनी विहिरीपलीकडच्या तुकड्यासाठी गिऱ्हाईकही पाहून ठेवले होते.

"दादा, तू एकदा जाऊन ये," बहीण म्हणाली. "आम्हाला त्यातलं काय कळतं? पोराला नाही म्हणवत नाही, आणि जमीन गेली तर पुन्हा येत नाही."

खरे म्हणजे आम्हांसही त्यातले काही कळत नव्हते. परंतु चर्चच्या गायनवृंदात तीस वर्षे पेटी वाजविल्यामुळे आम्ही संगीतातले जाणकार आहोत, असा घरच्यांचा एक प्रेमळ गैरसमज आहे. तो मोडण्याचे धैर्य न झाल्याने आम्ही अवंतिका एक्स्प्रेसचे तिकीट काढले आणि एका सकाळी इंदूरला उतरलो.

इंदूर हे मराठी माणसाला परके वाटत नाही. होळकरांच्या या नगरीत अनेक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे नांदत आहेत आणि राजवाड्याच्या परिसरात फिरताना कानांवर मधूनच मराठी शब्द पडतो. आम्हां ख्रिस्ती लोकांसही हे नगर नवे नाही. ईशशब्द संघाचे, म्हणजे एस. व्ही. डी. चे धर्मगुरू भारतात प्रथम आले ते १९३२ साली, आणि ते याच इंदूरच्या मिशनमध्ये. त्यांच्यापैकी फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी हिंदीत भजने रचली व पुढे मुंबईत अंधेरीला ज्ञान आश्रम उभारला. याच संघाच्या सत्प्रकाशन संचार केंद्रात पुस्तकांबरोबर हिंदी भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रणाचेही काम होत आले आहे. तेव्हा देवाचे गाणे यंत्रात साठविणे ही या शहरात तरी नवलाची गोष्ट नव्हे.

भाच्याने भाड्याने घेतलेली खोली एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होती. चार भिंती, गुळगुळीत फरशी, वर गरगरणारा पंखा आणि खिडकीत कबुतरे. पोहे-जिलबीचा फराळ आटोपून आम्ही बसतो न बसतो तोच खालून मोठ्याने गाणे वाजू लागले. कचरा गोळा करणारी नगरपालिकेची गाडी आली होती. २०१७ पासून स्वच्छतेच्या स्पर्धेत या शहराने वर्षानुवर्षे पहिला क्रमांक राखला, त्याचा अभिमान त्या गाण्यात भरलेला आहे. आम्हांस ते गोड वाटले. भाचा मात्र कपाळाला हात लावून म्हणाला, "मामा, रोज ही गाडी माझं एक ध्वनिमुद्रण तरी खराब करते."

"मग चार लाखांची यंत्रे आणून तू ठेवणार कुठे?" आम्ही विचारले.

"इथेच," तो म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याची नजर खिडकीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हांस आपल्या विभागाचा स्टुडिओ दाखविला. आमची कल्पना अशी होती की, तेथे यंत्रांचा झगमगाट असेल. तो होताच, पण आमच्या मनावर ठसा उमटला तो दाराचा. एकामागे एक अशी दोन जड दारे उघडून आत गेलो, आणि ती मिटताच बाहेरचे सारे जग जणू विझले. आपला श्वासदेखील आपल्याला ऐकू यावा, अशी ती शांतता होती. ती खोली म्हणजे खोलीच्या आत बांधलेली दुसरी खोली होती. दोन भिंतींमध्ये पोकळी सोडलेली, कारण भिंत भिंतीला टेकली की रस्त्यावरचा थरथराट त्या वाटेने आत येतो. गाणारा आणि यंत्र चालविणारा यांच्या मध्ये दुहेरी काच होती.

"टाळी वाजवा," भाचा म्हणाला. आम्ही वाजविली. आवाज निघाला आणि तेथेच संपला. मग त्याने बाहेरच्या मोकळ्या वर्गात नेऊन तीच टाळी पुन्हा वाजविण्यास सांगितले. तेथे तिच्यामागे एक कर्कश थरथर ऐकू आली. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. दहा फुटांच्या खोलीत तो समोरच्या भिंतीवर आपटून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळात परत येतो, पुन्हा आपटतो, पुन्हा येतो. माणसाचा कान हे सारे पोटात घालतो, कारण आपण ज्याचे बोलणे ऐकतो त्याच्याकडे आपले मन लागलेले असते. मायक्रोफोनला मन नाही. तो गाणे, भिंत, पंखा आणि कबुतर यांना सारख्याच आदराने टिपून घेतो.

तेथेच आम्हांस एक भेद समजला, जो वाचकांसही उपयोगी पडेल. आवाज आत येऊ न देणे हे एक काम, आणि आतला आवाज भिंतीवरून उसळू न देणे हे दुसरे. पहिल्यासाठी जड भिंत, जड दार आणि फटी बुजविणे लागते. दुसऱ्यासाठी मऊ, जाड वस्तू लागतात. स्पंज दुसरे काम करतो. पहिले त्याला साधत नाही. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून स्टुडिओ केल्याचे समाधान मानणारे पुष्कळ आहेत. पण पुठ्ठा हलका असतो, तो रस्त्यावरच्या भोंग्याला अडवू शकत नाही. म्हणजे यादीतला तो महागडा स्पंज त्या गल्लीतल्या खोलीत कचऱ्याच्या गाडीपुढे हात जोडूनच उभा राहिला असता.

मायक्रोफोनही दोन जातींचे पाहिले. एकात बारीक तारेचे वेटोळे पडद्याबरोबर चुंबकात हलते. तो काटक असतो आणि प्रामुख्याने तोंडाजवळचा आवाज घेतो. दुसऱ्यात अतिशय पातळ पडदा असतो आणि त्याला ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. तो नाजूक आणि तीक्ष्ण कानाचा. स्टुडिओत या दुसऱ्याला मान आहे. परंतु ज्याचा कान तीक्ष्ण, त्याला शेजारच्या घरचे भांडणही ऐकू येते.

दुपारी भाच्याने आम्हांस महूच्या रस्त्यावरील पिगडंबर या गावी नेले. तेथे सुमन चौरसिया या संग्राहकाने लता दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाने तबकड्यांचे संग्रहालय उभारले आहे. लताबाईंचा जन्म याच इंदुरात, २८ सप्टेंबर १९२९ रोजी झाला. कपाटांतून हजारो काळ्या तबकड्या ओळीने उभ्या पाहून आम्हांस आमच्या धर्मग्रामाची जुनी बाप्तिस्म्याची पुस्तके आठवली. तेथे नावे जपली आहेत, येथे आवाज.

आपल्या देशात व्यापारी तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. गौहरजान गात होत्या आणि समोर मायक्रोफोन नव्हता, तर एक मोठा कर्णा होता. त्या कर्ण्यात मोठ्याने गावे लागे, आणि तीन-साडेतीन मिनिटांत राग संपवावा लागे. १९२५ च्या सुमारास विजेचे मायक्रोफोन आले आणि हळुवार गाणाऱ्याला प्रथमच न्याय मिळाला. पुढे मोठ्या, संथ फिरणाऱ्या तबकड्या निघाल्या. इंदुरातच वाढलेले उस्ताद अमीर खाँ यांचे मारवा आणि दरबारी हे राग १९६० च्या सुमारास अशा तबकडीवर आले. त्यांची गायकी अतिशय संथ, एकेका स्वरावर विसावणारी. तीन मिनिटांच्या तबकडीत ती मावलीच नसती. यंत्र सुधारल्याने काहीच साधत नाही, असे म्हणणे म्हणूनच कृतघ्नपणाचे होईल.

पण त्याच कपाटांपुढे भाच्याने दुसरी एक गोष्ट सांगितली. 'महल' या १९४९ सालच्या चित्रपटातील लताबाईंच्या प्रसिद्ध गाण्याचा आरंभ दुरून, जवळ येत गेलेला हवा होता. आज तो परिणाम एक कळ फिरवून साधतो. तेव्हा मायक्रोफोन खोलीच्या मधोमध उभा केला गेला, आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात पावलापावलाने त्याच्याकडे चालत आल्या. ते अंतर यंत्राने निर्माण केलेले नव्हते. एका तरुण मुलीने ते चालून दाखविले होते. ही गोष्ट सांगून भाचा बराच वेळ गप्प राहिला. त्याच्या मनात काहीतरी सलत आहे, हे आमच्या ध्यानात आले.

ते काय, हे रात्री कळले. खोलीतला दिवा मालवून आम्ही निजण्याच्या तयारीत असता तो म्हणाला, "मामा, एक गोष्ट ऐकाल? घरी कोणाला सांगितलेली नाही."

त्याने आमच्या कानांवर हेडफोन चढविले. प्रथम घरघर ऐकू आली. ती आमच्याच घरच्या पंख्याची होती. मग शेजारच्या घरी फिरणारे मिक्सर. आणि मग आमची आई गाऊ लागली. आमच्या सामवेदी बोलीतील लग्नाची गाणी, आणि पाठोपाठ उपवासकाळात ती म्हणत असे ते प्रभूच्या दुःखाचे गाणे. आईचा आवाज म्हातारपणीही खणखणीत होता. स्वयंपाकघरातल्या फरशीवर आणि भांड्यांवर तो आदळत होता, आणि जेथे जेथे ती वरच्या स्वरात गेली तेथे तेथे तो फाटून त्याचा नुसता खरखराट झाला होता. शब्द ओळखू येत नव्हते. ते गाणे सबंध पाठ असलेले तेवढे एकच माणूस आमच्या घरात होते.

भाच्याने नाताळच्या सुटीत मित्राकडून तो नाजूक जातीचा महागडा मायक्रोफोन मागून आणला होता आणि आजीला ओट्याजवळच्या स्टुलावर बसवून घाईघाईने ध्वनिमुद्रण केले होते. आवाजाची पातळी आधी पाहिली नव्हती. संगणकाच्या मापात आवाजाला एक छत असते. स्वर त्याच्यापलीकडे गेला की, त्याचा माथा कापला जातो. आणि जो माथा मुळात टिपलाच गेला नाही तो नंतर पूर्णपणे परत आणता येत नाही. त्याने नंतर ते ऐकलेही नाही. पास्काला पुन्हा घरी जाऊ तेव्हा नीट करू, असे त्याने मनाशी म्हटले. पास्काला तो घरी आला तेव्हा आजी नव्हती.

शेवटी गाणे थांबते. आई हळू आवाजात विचारते, "झालं का रे, बाळा? आलं का सगळं?" हळू बोलल्यामुळे तेवढे शब्द मात्र स्वच्छ उमटले आहेत. आणि भाचा उत्तर देतो, "आलं, आजी."

आम्ही हेडफोन काढले. अंधारात तो पोर हुंदके देत होता. ती चार लाखांची यादी कोठून आली हे तेव्हा आम्हांस उमगले. आजीला दिलेले खोटे उत्तर त्याला खरे करावयाचे होते, आणि मोठी यंत्रे घेतली की पुन्हा असे होणार नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

आम्ही त्याला म्हटले, "बाळ, त्या दिवशीचा मायक्रोफोन चांगलाच होता ना?"

"सर्वांत चांगला," तो म्हणाला.

याहून अधिक काही बोलण्याची गरज पडली नाही.

दुसरा दिवस रविवार होता. सेंट फ्रान्सिस कॅथिड्रलमध्ये पवित्र मिस्सा ऐकताना आमचे मन एलिया संदेष्ट्याकडे गेले. डोंगरावर उभ्या असलेल्या त्या देवमाणसाला सोसाट्याच्या वाऱ्यात परमेश्वर भेटला नाही, भूकंपात भेटला नाही, अग्नीत भेटला नाही. त्यानंतर आलेल्या अगदी मंद स्वरात त्याला देवाची चाहूल लागली, आणि ती लागली कारण तो थांबून ऐकत होता. आम्ही तीस वर्षे पेटी वाजविली. पण वाजविण्यापूर्वी किती वेळा थांबून ऐकले, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. उत्तर फारसे भूषणावह नव्हते.

पवित्र सभेला अशा यंत्रांचे वावडे कधीच नव्हते. मार्कोनी यांनी उभारलेले व्हॅटिकनचे नभोवाणी केंद्र पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली सुरू केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज जाहीर केले. एक उपासनेविषयी, ज्यात पवित्र संगीताचा ठेवा जपण्यास सांगितले आहे. आणि दुसरा नभोवाणी, चित्रपट यांसारख्या संपर्कसाधनांविषयी. गाणे आणि गाणे जपणारे यंत्र यांना परिषदेने एकाच दिवशी आशीर्वाद दिला, असे आम्हांस वाटले. मात्र ठेवा आधी, आणि पेटी त्याच्या मागून.

त्या दुपारी भाच्याने स्वतःच नवी यादी केली. काटक जातीचा एक मायक्रोफोन, आवाज संगणकात नेणारे लहान यंत्र, कान पूर्ण झाकणारे हेडफोन, एक उभा दांडा आणि तारा. संगणक होता तोच ठेवला. ध्वनिमुद्रणासाठी विनामूल्य मिळणारी साधने आहेत. स्पंजाच्या जागी त्याने लिहिले, "घरच्या चार गोधड्या." बेरीज चाळीस हजारांच्या आसपास झाली. मोठी यंत्रे लागतील तेव्हा विभागाचा स्टुडिओ आहेच. तेथे रात्रीची वेळ मागून काम करावयाचे, असे त्याने ठरविले. विहिरीपलीकडचा तुकडा मेहुण्यांकडेच राहिला, आणि सध्या त्यात केळी आहेत.

पुढच्या नाताळात भाचा घरी आला तो ते सामान घेऊन. आमच्या आईची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, दोन गावे पलीकडे राहते. वय चौऱ्याऐंशी. या वेळी घाई नव्हती. त्याने तिची निजायची खोली निवडली, कारण तेथे गादी, उशा आणि कपड्यांनी भरलेले कपाट होते. उघड्या भिंतींवर गोधड्या टांगल्या. पंखा आणि फ्रीज बंद केले, कोंबड्या दूर नेल्या, शेजारणीला तासभर मिक्सर न लावण्याची विनंती केली. मावशीला सर्वांत मोठ्या आवाजातली ओळ आधी म्हणावयास लावून पातळी पाहिली आणि वर भरपूर जागा सोडली. मग सारे जण गप्प बसलो. त्या शांततेची दहा सेकंदे त्याने आधी मुद्रित केली, आणि मगच मान हलविली.

मावशीला आईचे ते दुःखाचे गाणे सगळे येत नाही. शेवटची तीन कडवी तिला आठवली नाहीत. ती गेली ती गेलीच. जे आठवले ते मात्र आता श्वासासकट आमच्यापाशी आहे. गाणे संपल्यावर भाच्याने लगेच हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले, आणि नंतरच मावशीचे हात हातांत घेऊन म्हणाला, "आलं, आजी. सगळं आलं."

वाचकहो, तुमच्या घरी अशी एखादी आजी असेल. स्टुडिओ शोधू नका आणि जमीनही विकू नका. तुमच्या फोनमध्ये पुरेसे यंत्र आहे. अंथरुणा-पांघरुणांची एक खोली निवडा. पंखा बंद करा. फोनवर मधेच कोणाचा निरोप येणार नाही अशी व्यवस्था करा आणि तो तिच्या तोंडापासून दीड-दोन विती अंतरावर स्थिर ठेवा. आधी तिची परवानगी घ्या. आरंभी तिचे नाव, गाव आणि तारीख बोला. एक मोठी ओळ म्हणवून ती ऐकून पाहा, आणि मग गाऊ द्या. संपल्यावर तिच्यासमोर बसून सगळे ऐका. चुकले असेल तर त्याच दिवशी पुन्हा म्हणवून घ्या. दोन प्रती करून दोन निरनिराळ्या घरी ठेवा.

आणि हे पुढच्या सणाला करू, असे म्हणू नका. या आठवड्यातली एक संध्याकाळ पुरे. जपमाळेची प्रार्थना संपल्यावर घर आपोआप शांत होते; तीच वेळ चांगली.